आठ इंची धक्का

सबवूफर जमिनीवर ठेवायचा की स्टुलावर, या एका प्रश्नापायी दक्षाची सलग तीन रात्री झोप उडाली होती. वूफर अजून घरात आलेला नव्हता. दुकानातूनसुद्धा निघालेला नव्हता. पण दक्षाची काळजी म्हणजे एसटीच्या आधी तासभर स्टँडवर जाऊन बसणारी बाई. वस्तू यायच्या कितीतरी आधी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. (वडिलांनी हौसेने दक्षा नाव ठेवलं आणि पोरगी ते खरं करून दाखवायला एकोणतीस वर्षं ‘दक्ष’मध्येच उभी राहिली. ‘विश्राम’ असं कुणी म्हटलंच नाही.)

सुरुवात झाली ती पंख्यापासून. मसोलीतल्या त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात एप्रिलच्या उकाड्यात पंखा पाचावर केला की टीव्ही ऐकू यायचा नाही, आणि टीव्ही ऐकू यावा म्हणून पंखा दोनावर आणला की प्रविणला टीव्ही बघवायचा नाही. प्रविण म्हणजे दक्षाचा नवरा. चिकूच्या पेट्या दूरदूर पाठवणाऱ्या एका ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग क्लार्क. दिवसभर ट्रकच्या घरघरीत बसून त्याचे कान असे तयार झाले होते, की साधी हाक त्यांना हाक वाटायचीच नाही.

“आपल्याला साउंड पाहिजे,” एके दिवशी तो म्हणाला.

“मग आवाज वाढव की.”

“आवाज वेगळा, साउंड वेगळा. सरावलीला मित्राच्या घरभरणीला गेलो होतो ना, तिथे आहे साउंड. पिक्चरमध्ये हीरोने बुक्की मारली व्हिलनला. बसली मला. इथे.” त्याने छातीवर हात ठेवला. चेहऱ्यावर भक्तिभाव होता.

“बुक्कीच पाहिजे तर मी देते की. त्याला वूफर कशाला?”

पण प्रविणचं ठरलं होतं. आणि प्रविणचं ठरलं की दक्षाचं सुरू व्हायचं.

कारण खाली हिरूबेन राहत होत्या.

हिरूबेन नुसत्या शेजारीण असत्या तर गोष्ट वेगळी. दक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि शाळा तलासरीच्या बाजूला, डोंगराकडच्या एका पाड्यावर. सकाळी निघायचं ते संध्याकाळी साडेपाचला घरी. सासूबाई रखमी त्याच बाजूच्या पाड्यावर, आणि त्या आपल्या कोंबड्या सोडून डहाणूला राहायला येतील ही आशा दक्षाने केव्हाच सोडली होती. मग चार वर्षांच्या ठकीला दिवसभर कोण सांभाळणार? हिरूबेन. पासष्टीच्या, एकट्या, गुडघे दुखणाऱ्या आणि जिभेला हाड नसलेल्या हिरूबेन. पैशाचं नाव काढलं की रागवायच्या. ठकी त्यांना ‘हिरूबा’ म्हणायची, त्यांच्या हातचा खाखरा खायची आणि त्यांच्याच मांडीवर दुपारची झोपायची. हिरूबेन रुसल्या तर शाळा सुटली. मुलांची नव्हे, दक्षाची. कायमची.

त्यात ते वर्ष धक्क्यांचं. गेल्या दिवाळीपासून डहाणू-तलासरीच्या पोटात काय दुखत होतं कुणास ठाऊक, जमीन स्वस्थ नव्हती. आधी खोलवरून ‘ढुम्म’ असा आवाज यायचा, मग पायाखालून लांबलचक मालगाडी गेल्यासारखं व्हायचं. माणसं ‘जेवलात का?’ विचारायच्या ऐवजी ‘कालचा जाणवला का?’ विचारू लागली होती. सासूबाईंच्या पाड्यावर लोक अंगणात मांडव घालून झोपत होते. दक्षाच्या शाळेचे वर्गही मांडवाखाली भरत होते, आणि रोज एकदा दक्षा शिट्टी वाजवून मुलांचा सराव घेत होती: “सामान सोडा, मैदान गाठा!” मुलं मैदानात पोचली की ती हात मागे बांधून रांगेपुढून फिरायची आणि विचारायची, “सामान कुणी आणलं? हात वर!” दुसरीतली बायजी रोज खिचडीचं ताट घेऊन धावायची आणि रोज हात वर करायची. “बाई, ताट तिथंच राहिलं असतं तर कुत्र्यानं खाल्लं असतं.”

घरी ठकीचाही सराव चालायचा. तीन बाहुल्या आणि हिरूबेनचं लाटणं एका रांगेत, तोंडाने शिट्टी, आणि मग लाटण्याला कोपऱ्यात उभं राहायची शिक्षा.

बिल्डिंगची व्यवस्था मात्र सेक्रेटरी रविंद्रकाकांनी लावली होती. काका निवृत्त होते आणि निवृत्त माणसाला एक भूकंप मिळाला की तो किती कामाला येतो, हे त्यांच्याकडे बघून कळायचं. त्यांच्याकडे धक्क्यांची डायरी होती. तारीख, वेळ, कालावधी, शेरा. त्यांचा नियम असा, की ज्याला पहिला धक्का जाणवेल त्याने थाळी बडवायची आणि सगळ्यांनी मागच्या मोकळ्या प्लॉटवर, बोराच्या झाडापाशी जमायचं. आता पहिला धक्का कुणाला जाणवणार? तर हिरूबेनना. कारण त्यांच्या फ्रीजवर यंत्र होतं. एक स्टीलचा गिलास उपडा, त्यावर वाटी उपडी, वाटीच्या बुडावर आडवा चमचा. जमीन जरा जरी हलली तरी चमचा ‘खण्ण’ करून खाली.

अशा घराच्या डोक्यावर प्रविणला सबवूफर ठेवायचा होता.

डहाणू रोडला सुदामचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. लग्नसराईत हाच सुदाम डीजे घेऊन गावोगाव हिंडायचा, त्यामुळे दुकानात बोलतानाही तो मांडवात बोलल्यासारखा बोलायचा.

“या ताईऽ! काय दाखवू? आठ इंची, दहा इंची, बारा इंची?”

“खालच्या मजल्यावर ऐकू जाणार नाही असा दाखवा.”

सुदामने हातातलं फडकं खाली ठेवलं. “ताई, मग मिक्सरचं कव्हर घेऊन जा.”

“तिचं ऐकू नका,” प्रविण म्हणाला. “बारा इंची काढा.”

“बारा इंची म्हणजे विषय संपला. एकदा लावला ना ताई, असा धक्का बसतो...”

“धक्का?” दक्षाने डोळ्यांनीच दुकानाच्या दारापर्यंतचं अंतर मोजलं.

“म्हणजे फील हो! परवा एका हळदीला याच पीसने मांडवाचा खांब सरकवला.”

सुदामने हे कौतुकाने सांगितलं, प्रविणने कौतुकाने ऐकलं आणि दक्षाने बसायला खुर्ची मागितली.

पण ती तयारीने आली होती. मोबाइलवर एका पंजाबी गृहस्थाचे अकरा व्हिडिओ बघून तिने शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपणं काढली होती. बेस कानाने कमी आणि जमिनीने जास्त जातो. वूफर कोपऱ्यात ठेवू नये, कोपरा आवाज दुप्पट करतो. काही वूफर खाली तोंड करून वाजतात, ते तर नावही काढू नये. ज्यांच्या पेटीला भोक असतं ते जास्त घुमतात.

“याचं तोंड कुठे आहे?” तिने विचारलं.

“खाली.”

“खालच्यांकडे तोंड करून बोलणारा नको. तो? त्याला भोक आहे का?”

“भोकामुळेच तर मजा आहे ताई.”

“नको. लहान चणीचा, तोंड समोर, भोक नाही, आणि बोलायला हळू.”

सुदामने प्रविणकडे सहानुभूतीने पाहिलं. “ताई, वूफर बघताय की नणंदेला स्थळ?”

शेवटी आठ इंची आला. प्रविणचा चेहरा बारा इंचांनी उतरला, पण सुदामने त्याची समजूत घालायला एक पेनड्राइव्ह फुकट दिला. “यात गाणं-बिणं काही नाही. नुसती बेस टेस्ट. ढुम्म, ढुम्म, ढुम्म. माल कळायला हेच लावून बघा.”

जमीन की स्टूल या प्रश्नाचा निकाल दक्षाने तिसऱ्याच बाजूने लावला. चार जुन्या स्लिपरांचे टाचेकडचे तुकडे कापून चार पाय केले. त्यावर शाळेतून बाद झालेली रबरी चटई. त्यावर सासूबाईंनी शिवलेली गोधडी, चौपदरी. त्यावर वूफर. तो असा थाटात विराजमान झाला की ठकीने त्याला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “आई, याला प्रसाद काय?”

आता उरली परीक्षा.

“मी खाली जाऊन हिरूबेनकडे बसते. तू वर लाव आणि हळूहळू वाढव,” दक्षा म्हणाली.

“त्यापेक्षा त्यांना सांगूनच टाक ना. आम्ही वूफर आणलाय, जरा ऐकून सांगा.”

“सांगितलं की ऐकू येणारच. मुलांना ‘घाबरू नका’ म्हटलं की ती घाबरतात. न सांगता नाही ऐकू आलं, तर खरं.”

“मग वाढवू कधी ते मला कसं कळणार?”

“मी एक मिस्ड कॉल दिला की दोन आकडे वाढव. दोन मिस्ड कॉल दिले की लगेच थांब.”

“एक, वाढव. दोन, थांब. त्यात काय एवढं!”

(त्यात एवढंच होतं.)

रविवारी दुपारी चारला प्रविणने खिडक्या लावून घेतल्या. दक्षा ठकीचा हात धरून खाली गेली. दार उघडंच होतं.

“आव आव, दक्षाबेन! बेस, बेस!”

दक्षा पायरीवरच दचकली. “बेस? कुठे? मला तर नाही ऐकू आला.”

“अरे, बेस! खुरशीवर बेस! शूं थयूं तुला?”

दक्षा बसली. (इतकी वर्षं डहाणूत काढून गुजरातीतलं ‘बस’ कळू नये!) हिरूबेन चहा टाकायला वळल्या आणि दक्षाने पदराआडून पहिला मिस्ड कॉल दिला. वर आकडा दहाचा बारा झाला असणार. शांतता. फ्रीजवरचा चमचा ढिम्म. दुसरा मिस्ड कॉल मिनिटभराने. चौदा. शांतता. मग सोळा. हिरूबेन आपल्या गुडघ्यांविषयी बोलत होत्या आणि दक्षाला वूफरविषयी हळूहळू माया वाटू लागली होती. स्लिपरांनी काम केलं होतं. गोधडीने काम केलं होतं. सासूबाईंच्या हाताला गुण होता. तिने धीर करून आणखी एक दिला. अठरा.

चमचा किंचित थरथरला.

ठकीने मान वर केली. “आई, बाबांचं ढुम्म...”

दक्षाने तिच्या तोंडात बिस्किट घातलं आणि भराभर दोन मिस्ड कॉल दिले.

वर काय झालं ते तिला नंतर कळलं. वर प्रविण डोळे मिटून, छातीवर हात ठेवून बसला होता. फोन थरथरला. एक. त्याने इमानेइतबारे दोन आकडे वाढवले. फोन पुन्हा थरथरला. पुन्हा एक. पुन्हा दोन आकडे. दोन मिस्ड कॉल हे एकामागून एकच येतात आणि त्यातला प्रत्येक जण येतो तेव्हा एकटाच असतो, हे नियम करताना दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

खाली चमचा फुगडी खेळू लागला. दक्षाने घाबरून आणखी दोन दिले. वर आणखी चार आकडे. आणखी दोन. आणखी चार. ती जितकी ‘थांब’ म्हणत होती तितका नवरा चेव येऊन पुढे जात होता. (लग्नाला सात वर्षं झाली होती. तिला हे नवीन वाटायला नको होतं.)

खण्ण!

“धरतीकंऽऽप!” हिरूबेनची गुडघेदुखी कुठच्या कुठे पळाली. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात लाटणं, आणि जिन्यात असा कडकडाट सुरू झाला की वरचा वूफर लाजला असता.

“हिरूबेन, ऐका, तो...” दक्षाने तोंड उघडलं. पण तेवढ्यात अख्खी बिल्डिंग जिन्यात होती. कुणी साबणाच्या हातांनी, कुणी घास हातात घेऊन, कुणी दुपारच्या झोपेतून उलटा शर्ट घालून. दक्षाने ठकीला कडेवर उचललं आणि त्या लोंढ्याबरोबर तीही बोराच्या झाडापाशी जाऊन उभी राहिली. दुसरं करणार काय?

रविंद्रकाकांनी डायरी उघडली. “चार वाजून सतरा मिनिटं. कालावधी?”

“बराच वेळ चालला होता, काका.”

“लागोपाठ होते. ढुम्म, ढुम्म, ढुम्म.”

“हं. हा प्रकार नवीन आहे,” काका गंभीरपणे म्हणाले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागले.

इतक्यात वरचा आवाज थांबला आणि प्रविण खाली आला. गर्दी बघून म्हणाला, “काय झालं? कुणाचं काय?”

“तुम्हाला धक्का जाणवला नाही?”

“नाही बुवा. मी तर वर वू...”

दक्षाने त्याच्या पायावर पाय दिला. तो मात्र त्याला चांगलाच जाणवला.

संध्याकाळपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलं. काकांनी ग्रुपवर टाकलं: ‘मसोलीत जोरदार धक्के.’ सरावलीहून लगेच उत्तर: ‘इकडेही जाणवला. सौम्य.’ कुणीतरी लिहिलं, ‘आमचा पंखा हलत होता.’ (पंखा चालू असणार, पण हे विचारायची सोय नव्हती.) आणि दिवेलागणीला पाड्यावरून सासूबाईंचा फोन. “पोरी, तिकडं मोठा झाला म्हणं? आमच्याकडं पण जाणवला बरं का. कोंबड्या तर आधीपासनं ओरडत होत्या.”

फोन ठेवून दक्षाने वूफरकडे पाहिलं. लहान चणीचा, समोर तोंडाचा, बिनभोकाचा वूफर, आणि त्याने तलासरीच्या कोंबड्या उठवल्या होत्या.

“माल चांगला निघाला,” प्रविण म्हणाला.

तिने वूफरचं तोंड भिंतीकडे केलं, वर गोधडी घातली आणि रिमोट आपल्या कपाटात ठेवला. वर्गात मस्ती केलेल्या पोरासारखा तो बिचारा भिंतीकडे बघत उभा राहिला.

“निदान पाचावर तरी?” प्रविणने दुसऱ्या दिवशी विचारून पाहिलं.

“पाचावर कोंबड्या ओरडल्या तर?”

सोमवारी सकाळी ठकीला सोडताना सगळं सांगून टाकायचं, असं दक्षाने ठरवलं होतं. पण दारात रविंद्रकाका चिकूंची पिशवी घेऊन उभे. “हिरूबेन, बिल्डिंगतर्फे. काल तुम्ही होतात म्हणून.” आणि हिरूबेन पदराने तोंड पुसत म्हणत होत्या, “मी तो नुसती थाळी वाजवली.” आता या माउलीला सांगायचं, की तुमची थाळी प्रविणच्या पेनड्राइव्हसाठी वाजली? सारी बिल्डिंग हसली असती, आणि ती दक्षाला नव्हे, हिरूबेनना हसली असती. मग ठकीचा खाखरा, ठकीची झोप, ठकीची ती मांडी... दक्षा काही न बोलता बसला पळाली. मंगळवारीही तेच. फक्त मंगळवारी बस चुकली.

बुधवारी साडेपाचला ती रिक्षातून उतरली तर प्रविणची मोटारसायकल खाली उभी. इतक्या लवकर? तिच्या मनात पाल चुकचुकली. कालच तिला कपाटातला रिमोट जरा सरकल्यासारखा वाटला होता. हिरूबेनच्या दारापाशी ठकीच्या इवल्याशा चपला होत्या. आतून ठकीचा आवाज येत होता. दक्षा स्वतःची चप्पल काढायला वाकली.

ढुम्म.

आणि पायाखालून घरघर गेली.

एरवी तिने क्षणात ओळखलं असतं. शाळेतल्या साऱ्या मुलांना तिने हेच ओळखायला शिकवलं होतं. पण गेले तीन दिवस तिच्या लेखी जगात एकच धक्का होता, आठ इंची. आत ‘खण्ण’ झालं, थाळी कडकडली, आणि दक्षा धावत सुटली. वर.

“ताई, खाली! खाली!” जिन्यात समोरून माणसं येत होती.

“तुम्ही व्हा पुढे, मी बंद करून येते!”

“काय, गॅस?”

“वूफर! प्रव्याऽऽ! बंद कर तो मेला वूफर!”

सात वर्षांत तिने नवऱ्याला चारचौघांत ‘अहो’शिवाय हाक मारली नव्हती. तो ‘प्रव्या’ न्हाणीघरातून निघून जिन्याच्या तोंडाशी आला होता. कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस.

“अगं, लाइट कुठे आहे? दुपारपासून गेलीय!”

ते तिच्या कानापर्यंत आलं, पण आत शिरलं नाही. ती घरात घुसली. कपाटातून रिमोट काढला. गोधडी ओढली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वूफर भिंतीकडे तोंड करून मुकाट उभा होता. त्याचा लाल दिवा विझलेला, पंखा थांबलेला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर मात्र आपणहून डावीउजवीकडे डुलत होतं.

तेव्हा त्या घरात लाइट नसताना एक दिवा लागला. दक्षाच्या डोक्यात.

जिना ती किती पायऱ्यांत उतरली ते देवाला माहीत. प्लॉटवर सगळे सुखरूप होते. धक्का छोटाच होता, येऊन गेलाही होता. बोराच्या झाडाखाली हिरूबेन उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवर ठकी, हातात अर्धा खाखरा. दक्षाने श्वास सोडला. मग तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघताहेत. तिच्याकडेही नाही. तिच्या हाताकडे. हातात रिमोट होता.

“ताई,” रविंद्रकाकांनी डायरीतून मान वर काढली, “वूफर म्हणजे काय?”

आता मागे जायला जागा नव्हती. “काका, रविवारचा धक्का धक्का नव्हता,” दक्षा म्हणाली. “तो आमचा होता. नवीन वूफर आणलाय. त्याचा आवाज होता.”

काकांनी डायरी छातीशी धरली. “शक्यच नाही. माझ्याकडे नोंद आहे.”

“आणि आमचा पंखा हलला तो?”

“सरावलीला जाणवला, तो काय तुमच्या डब्याने?”

“खरंच आमचाच होता,” प्रविण म्हणाला. पण टॉवेल नेसून फेस गाळत उभ्या असलेल्या माणसाच्या साक्षीला काय किंमत!

“भीतीने असं होतं कधीकधी,” काका मायेने म्हणाले. “पाणी द्या रे त्यांना.”

तीन दिवस पोटात धरलेलं खरं बोलून दक्षा मोकळी झाली होती, आणि एकानेही ते घेतलं नव्हतं. पाण्याचा तांब्या तेवढा आला.

गर्दी पांगायला लागली तशा हिरूबेन ठकीला घेऊन झाडाच्या पारावर टेकल्या आणि शेजारची जागा थोपटली.

“बेस.”

दक्षा बसली. या वेळी दचकली नाही.

“मने खबर हती,” हिरूबेन हळूच म्हणाल्या.

“काय?”

“मला माहीत होतं. थाळी वाजवली तेव्हा नाय. बाहेर येऊन उभी राहिली, ने वरती चालूच होतं, तेव्हा कळलं. आखी जिंदगी गरबा खेळली मी. धरतीकंप तालात नाय येत, दक्षाबेन. तुझा येत होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“कसं बोलू? आखी बिल्डिंग उतरवली मी. कोण जेवता जेवता, कोण न्हाता न्हाता. ने वर तो रविंद्रभाई चिकू घेऊन आला! आता काय सांगू त्याला, गाणं होतं? तीन रात मला झोप नाय.”

दक्षाने त्यांच्याकडे बघितलं. एका छताच्या वर एक बाई जागी होती आणि त्याच छताच्या खाली दुसरी, आणि दोघींची काळजी एकच होती. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग खरी भीती आठवली.

“हिरूबेन, मग ठकीला... उद्यापासून...”

“उद्यापासून साडेनऊला नाय पाठवायची.”

दक्षा मनातल्या मनात राजीनाम्याचा अर्ज लिहू लागली.

“नऊला पाठव,” हिरूबेन म्हणाल्या. “काल बस चुकली तुझी, मी बघितलं खिडकीतून. ने तो डबा तुझा नवरात्रीला खाली माझ्याकडे. ताल सरस छे.”

दक्षाने डोळे पुसले. मग तिला खऱ्या गुन्ह्याची आठवण झाली. जमीन हलत असताना ती लेकीच्या दारावरून पळत गेली होती. दाराच्या आत लेक होती, आणि आई वर, वूफरकडे. आता ठकी विचारणार, “आई, तू मला सोडून वर का गेलीस?” याची तीन उत्तरं दक्षाने तेवढ्यात तयार केली. एक खरं, एक बरं आणि एक चॉकलेटचं. ती ठकीसमोर उकिडवी बसली आणि तिने हात पुढे केले. त्यातल्या एकात अजून रिमोट होताच.

ठकीने रिमोटकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग ती हिरूबाच्या मांडीवरून घसरून खाली उतरली, उरलेला खाखरा तोंडात कोंबला, दोन्ही हात मागे बांधले, आणि उरल्यासुरल्या अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“सामान कुणी आणलं? हात वर!”